नवे रिचार्जेबल सेल, मेटल डिटेक्टर आणि रात्रीतून चारदा जाणारी लाईन

दारव्हा तालुक्यातल्या एका कास्तकार भावानं विचारलेला प्रश्न असा: आठ पेन्सिल सेलवर चालणारा मेटल डिटेक्टर घेतला आहे. रोटावेटरची तुटलेली पाती, नटबोल्ट, कुटारात गेलेले तारेचे तुकडे आणि निंदणाच्या वेळी वावरात पडलेलं जोडवं-डोरलं शोधायला तो कामी येतो. दरवेळी साधे सेल विकत घेणं परवडेना, म्हणून २००० एमएएचचे (एमएएच म्हणजे सेलमध्ये किती वीज मावते त्याचं माप) आठ रिचार्जेबल सेल आणि भिंतीच्या प्लगला लावायचा चार्जर आणला. दुकानदार म्हणाला, पहिल्यांदा सोळा तास लावा. दुसऱ्यानं सांगितलं, आधी तीनदा पूर्ण संपवा, मगच चार्ज करा. प्रत्यक्षात चार्जरचा दिवा तासाभरातच हिरवा झाला. डिटेक्टर सुरू करताक्षणी बॅटरी निम्मी दाखवतो आणि दोन तासांत बंद पडतो. रात्री लाईन तीन-चारदा जाते. आता हे सेल 'तयार' कसे करायचे?

भाऊ, सेल तयार करणं हा यातला लहान भाग आहे. तुमची खरी अडचण बहुधा ही आहे की सेल पूर्ण भरलेच गेले नाहीत, किंवा आठांपैकी एखादा कच्चा आहे. 'निम्मी बॅटरी' ही तिसरीच गोष्ट आहे आणि ती बिघाड नाही. तिन्ही एकत्र पाहिल्या तर गोंधळ होतो, म्हणून एकेक सोडवू. आपल्याकडे 'बॅटरी' म्हटलं की टॉर्च समजतात, त्यामुळे इथं मी 'सेल' हाच शब्द वापरतो.

निम्म्या बॅटरीचं आधी, कारण ते लवकर संपतं. साधा अल्कलाइन सेल नवा असताना १.५ व्होल्टच्या थोडा वर असतो. आठ मिळून सुमारे १२.४ व्होल्ट. वापराबरोबर तो हळूहळू उतरत जातो आणि डिटेक्टरवरची बॅटरी दाखवणारी पट्टी त्याच उतारावर बेतलेली असते. तुमचे सेल निकेल मेटल हायड्राइडचे (एनआयएमएच) आहेत. त्यांचं नाममात्र व्होल्टेज १.२, म्हणजे आठांचे ९.६. पूर्ण भरलेले असले तरी काम सुरू झाल्यावर थोड्याच वेळात साडेदहाच्या खाली येतात, मग पावणेदहाच्या आसपास बराच वेळ जवळजवळ सपाट चालतात आणि शेवटी एकदम कोसळतात. त्यामुळे पट्टी सुरुवातीलाच निम्म्यावर दिसणार, तासन् तास तिथंच थांबणार आणि मग दहा-पंधरा मिनिटांत संपणार. यंत्राच्या सेटिंगमध्ये सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर 'एनआयएमएच' निवडा. नसेल तर पट्टीवर विसंबू नका, घड्याळावर चाला. बहुतेक यंत्रांत आतला रेग्युलेटर व्होल्टेज स्थिर ठेवतो, त्यामुळे ९.६ वर खोली किंवा आवाज कमी होत नाही. जुन्या, साध्या बांधणीच्या यंत्रात मात्र सेल अगदी संपत आले की जमिनीशी जुळवलेला तोल (मातीतल्या लोहाला यंत्रानं दाद देऊ नये म्हणून केलेली जुळणी) सरकू शकतो. आपली काळी जमीन बेसाल्टपासून झालेली, तिच्यात लोहाचा अंश भरपूर, म्हणून तो सरकलेला तोल इथं लगेच जाणवतो आणि यंत्र उगाच कुरकुरतं.

दोन तासांत बंद पडणं मात्र बरोबर नाही. असं यंत्र सर्वसाधारणपणे ५० ते १५० मिलिअँपिअर खातं. मध्य धरून १०० म्हटलं, तर २००० एमएएचचे सेल वीस तासांच्या आसपास चालायला हवेत. दोन आणि वीस यांत इतकं अंतर असेल तर सेल अजून 'तयार' झालेले नाहीत एवढ्यानं त्याचा उलगडा होत नाही. नवा सेल पहिल्या फेरीत (एकदा भरून संपवला की एक फेरी) क्षमतेपेक्षा थोडा कमी देतो, दहावा हिस्सा देत नाही.

म्हणून सगळ्यात आधी चार्जर पाहा. तो उलटा करून मागचा कागद वाचा. 'आउटपुट' पुढं मिलिअँपिअरचा आकडा असतो, उदाहरणार्थ १२०, २०० किंवा ५००. चार्जर तीन जातींचे मिळतात. पहिला साधा: दिवा सतत लागलेला, सेल भरला का हे त्याला कळत नाही, काढायचं काम तुमचं. दुसरा टाइमरचा: ठराविक तास झाले की बंद होतो, सेल भरलेला असो वा नसो. तिसरा हुशार: प्रत्येक सेलचा खण वेगळा, प्रत्येकाचा दिवा वेगळा, आणि सेल भरताना व्होल्टेज शिखरावर जाऊन किंचित खाली येतं तो क्षण पकडून तो थांबतो. निकेल मेटल हायड्राइडमध्ये हा उतार जेमतेम तीन ते पाच मिलिव्होल्टचा असतो. तुमचा दिवा तासाभरात हिरवा झाला, म्हणजे तुमचा चार्जर बहुधा तिसऱ्या जातीचा आहे, किंवा दुसऱ्या जातीचा असून त्याचा टाइमर लहान आहे.

हुशार चार्जर लवकर हिरवा होण्याची दोन कारणं असतात. एक चांगलं: काही सेल कारखान्यातूनच भरून येतात. पाकिटावर 'प्री-चार्ज्ड' किंवा 'रेडी टू यूज' लिहिलेलं असतं. २००५ साली सान्योनं एनेलूप बाजारात आणला, तेव्हापासून ही जात रुळली. हे सेल पडून राहिले तरी फार हळू उतरतात. असा सेल सत्तर टक्क्यांच्या आसपास भरलेला असेल तर चार्जरला फार काम उरत नाही. दुसरं कारण वाईट: नव्या, किंवा दुकानात वर्षभर पडून राहिलेल्या सेलचं व्होल्टेज चार्जिंगच्या सुरुवातीलाच उसळतं आणि जरा खाली येतं. चार्जर नेमक्या अशाच उताराची वाट पाहत असतो, म्हणून तो फसतो आणि 'झालं' सांगून मोकळा होतो.

दोन्हींतला फरक हाताला कळतो. ५०० मिलिअँपिअर किंवा त्याहून जास्त करंटवर सेल खरोखर भरला की शेवटच्या टप्प्यात कोमट होतो. दिवा हिरवा आणि सेल गार, तर तो भरलेला नाही असं समजा. काढा, दहा मिनिटं बाहेर ठेवा, पुन्हा लावा. दोन-तीन वेळा असं केलं की बहुतेक सेल रुळावर येतात. एखादा सेल इतका उतरलेला असतो की हुशार चार्जर त्याला ओळखतच नाही, लाल दिवा मिचकावत राहतो. त्याला साध्या चार्जरवर दहा-पंधरा मिनिटं लावून थोडा वर आणा, मग हुशार चार्जर त्याला घेतो.

आता त्या सोळा तासांचं. दुकानदार खोटं बोलला नाही, पण त्याचं सांगणं अर्धंच आहे. या सेलचं प्रमाण चार्जिंग म्हणजे क्षमतेच्या एक दशांश करंटनं सोळा तास, आणि तेही रिकाम्या सेलला. २००० एमएएचच्या सेलला २०० मिलिअँपिअर. भागाकार केला तर दहा तास यायला हवेत, पण दिलेल्या विजेतली सगळी सेलमध्ये साठत नाही, काही उष्णतेत जाते, म्हणून दीडपट धरायची. हिशेब सोपा: एमएएचला चार्जरच्या मिलिअँपिअरनं भागा आणि दीडनं गुणा. २००० भागिले २००, गुणिले दीड, म्हणजे पंधरा तास. चार्जर १२० मिलिअँपिअरचा असेल तर तेच पंचवीस तास होतात आणि ५०० मिलिअँपिअरच्या चार्जरवर फक्त सहा. ५०० च्या साध्या चार्जरवर कुणी 'सोळा तास' पाळले तर सेल दहा तास नुसता भाजत राहतो. तास सांगताना करंट सांगितला नाही तर त्या सल्ल्याला अर्थ उरत नाही.

पहिला चार्ज सावकाश का द्यायचा, तर त्याचं कारण एकापाठोपाठ जोडलेल्या सेलमध्ये आहे. आठ सेल वेगवेगळे उतरलेले असतात. एक दशांश करंटवर आधी भरलेला सेल काही तास जास्तीचा करंट सोसू शकतो, तोवर मागे राहिलेले भरून बरोबरीला येतात. सावकाश चार्जिंगनं सगळे एका पातळीवर येतात, हा त्याचा मोठा फायदा. आधीच भरून आलेल्या जातीला मात्र पूर्ण पंधरा तास नकोत. २०० मिलिअँपिअरवर सात-आठ तास पुरतात.

पण हे सगळं लाईन टिकली तर, आणि आपल्याकडे तिचाच भरवसा नसतो. टाइमरचा चार्जर लाईन गेली की सगळं विसरतो. चौदा तासांचा टाइमर बाराव्या तासाला लाईन गेली आणि आली की पुन्हा शून्यापासून चौदा मोजतो. रात्रीतून तीनदा असं झालं की तो सकाळी नऊला थांबायच्या ऐवजी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत चालू राहतो. सेल अशानंच लवकर मरतात आणि दोष कंपनीला जातो. हुशार चार्जर लाईन आल्यावर भरलेला सेल बहुधा पंधरा-वीस मिनिटांत ओळखून थांबतो, पण दर खेपेला तेवढं जास्तीचं भरणं होतंच. शेतातल्या घरी शेतीच्या लाईनवर लावत असाल तर ती ठराविक तासच येते आणि पाळीप्रमाणं कधी दिवसा, कधी रात्री. तिथं पंधरा तासांचा चार्ज एका दमात होणार नाही. गावातल्या घरी, गावठाण फिडरवर, म्हणजे घरगुती लाईनवर लावा.

आणखी एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. साध्या, ट्रान्सफॉर्मरच्या चार्जरचा करंट लाईनच्या व्होल्टेजबरोबर खालीवर होतो. आसपासच्या विहिरींवरच्या मोटारी चालू असताना व्होल्टेज १७०-१८० वर आलं की २०० मिलिअँपिअर लिहिलेला चार्जर त्याहून बराच कमी देतो. सगळ्या मोटारी बंद पडून व्होल्टेज अडीचशेच्या वर गेलं की तोच जास्त देतो. मग तासांचा हिशेब कागदावरच राहतो. खरा करंट मोजायचा असेल तर पुठ्ठ्याच्या पातळ पट्टीला दोन्ही बाजूंनी चॉकलेटची चांदी चिकटवा, दोन्ही बाजू एकमेकींना लागू देऊ नका. ती पट्टी सेल आणि चार्जरच्या पत्रीच्या मध्ये सरकवा आणि मल्टीमीटर करंटवर ठेवून त्याचे दोन टोक दोन बाजूंना लावा. मीटरचा आकडा हाच खरा करंट.

या साऱ्यावर उपाय म्हणून मी यूएसबीवर चालणारा, चार वेगळ्या खणांचा हुशार चार्जर आणि मोबाईलची पॉवर बँक ही जोडी सुचवतो. लाईन असताना पॉवर बँक भरायची आणि सेल तिच्यावर भरायचे. लाईन गेली तरी चार्जिंग तुटत नाही, टाइमर विसरत नाही, व्होल्टेजही स्थिर. घरी इन्व्हर्टर असेल तर त्यावरही चालेल, कारण आठ सेलना मिळून पाच-सात वॉटच लागतात. फक्त चौकोनी लहरीच्या स्वस्त इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मरचा चार्जर गुणगुणतो आणि जास्त तापतो, तेव्हा त्यावर नजर ठेवा. यातलं काहीच जमत नसेल तर साधा चार्जर आणि वही. लाईन किती वाजता आली, किती वाजता गेली ते लिहा आणि एकूण तास जुळवा. तुकड्या-तुकड्यांत दिलेला चार्ज एकाच दिवसात पुरा झाला तर सेलला काही फरक पडत नाही.

आता 'तीनदा पूर्ण संपवा' याकडे. हा सल्ला निकेल कॅडमियमच्या काळातला आहे. त्या सेलना दरवेळी अर्धवट वापरून भरलं तर ते तेवढ्यावरच अडकायचे, म्हणून लोक ते मुद्दाम संपवत. निकेल मेटल हायड्राइडमध्ये असा परिणाम अगदी किरकोळ असतो आणि एक-दोन पूर्ण फेऱ्यांत निघून जातो. नव्या सेलला मात्र दोन-तीन फेऱ्या खरंच उपयोगी पडतात, पण कारण वेगळं: आतल्या मिश्रधातूचा पृष्ठभाग वापरानं जागा होतो आणि द्रव सगळीकडे नीट मुरतो. साध्या जातीला तीन फेऱ्या, आधीच भरून येणाऱ्या जातीला एक. त्यापुढं दर महिन्याला 'कंडिशनिंग' करत बसू नका. प्रत्येक पूर्ण फेरी सेलच्या आयुष्यातूनच वजा होते.

आणि संपवायचं म्हणजे डिटेक्टरमध्ये घालून रात्रभर चालू ठेवायचं असं मुळीच नाही. या एका चुकीनं नवा संच पहिल्याच आठवड्यात खराब होतो. आठ सेल एकामागे एक जोडलेले असतात. सगळ्यात कमी भरलेला आधी रिकामा होतो, पण बाकीचे सात त्याच्यातून करंट ढकलतच राहतात. जुवाखालचा एक बैल थकला आणि दुसरा ओढत राहिला तर थकलेल्याचीच मान सोलते, तसं. रिकाम्या सेलची ध्रुवता उलटी होते (अधिकचं टोक उणे, उण्याचं अधिक), आत वायू होतो, दाब वाढून झडप उघडते आणि द्रव बाहेर येतो. एकदा उलटा झालेला सेल पुढं कायम कमजोर राहतो आणि पुढच्या वेळी तोच पुन्हा आधी रिकामा होतो. म्हणून डिटेक्टरनं बॅटरी संपल्याचा इशारा दिला की लगेच बंद करा. 'अजून दहा मिनिटं' नको.

सेल संपवायचा तो एकेकटा. एका सेलचा प्लास्टिकचा खण, ३.३ ओहमचा दोन वॉटचा रेझिस्टर आणि साधा मल्टीमीटर, एवढं साहित्य रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मिळतं. कायम शाईच्या पेननं सेलवर १ ते ८ आकडे घाला. पूर्ण भरलेला सेल तासभर निवू द्या, खणात घाला, रेझिस्टर जोडा आणि वेळ लिहा. करंट साधारण ३७० मिलिअँपिअर वाहील. व्होल्टेज १.३ वरून लवकरच १.२५ वर येईल, मग १.२ च्या आसपास बराच वेळ रेंगाळेल. १.१ दिसलं की दर पाच मिनिटांनी पाहा, कारण तिथून उतार एकदम येतो. रेझिस्टर जोडलेला असताना १.० व्होल्ट दिसलं की लगेच काढा आणि मिनिटं लिहा. रेझिस्टर हाताला गरम लागेल, त्याचं काही नाही, पण तो सेलला टेकू देऊ नका. हे काम झोपताना लावून ठेवायचं नाही.

चांगला २००० एमएएचचा सेल या जोडणीत सुमारे ३२० मिनिटं टिकतो. ३०० च्या वर आला तर बेलाशक ठेवा. पहिल्या फेरीत २८० आणि तिसऱ्या फेरीत ३१० असं वाढत असेल तर सेल जागा होतो आहे. तीन फेऱ्यांनंतरही २४० च्या खाली असेल तर तो आठांच्या संचात घालू नका, भिंतीच्या घड्याळाला किंवा रिमोटला वापरा. आठांची मिनिटं एकमेकांपासून पंधरा-वीस मिनिटांच्या आत असली की संच जुळला. आठही एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले हवेत. नव्यात जुना, २००० मध्ये २५०० असं कधी मिसळू नका. महाग चार्जरमध्ये सेलची क्षमता मोजायची सोय असते. तो असेल तर रेझिस्टरची गरजच नाही, हेच काम तो करून आकडा दाखवतो.

आठ सेलना तीन फेऱ्या म्हणजे बराच वेळ जातो, हे मान्य आहे. सगळं करायला वेळ नसेल तर निदान एक मोजणी करा. तुमच्या तक्रारीचं उत्तर बहुधा त्या एका मोजणीतच मिळेल. त्याहून सोपी तपासणी हवी असेल तर ही: पुढच्या वेळी डिटेक्टर बंद पडला की ताबडतोब सेल काढून एकेकाचं व्होल्टेज घ्या. सात १.२ च्या वर आणि एक १.० च्या खाली, तर तो एकच कच्चा, किंवा चार्जरचा त्याचा खण काम करत नाही. त्याला दुसऱ्या खणात भरून पाहा म्हणजे दोष कुणाचा ते कळेल. सगळेच एकच्या आसपास असतील तर ते भरलेच गेले नव्हते. सगळे १.२ च्या वर आणि तरीही यंत्र बंद, तर सेलचा दोष नाही, खणाच्या पत्र्या पाहा.

पत्र्यांवर घाम, धूळ आणि जुन्या अल्कलाइन सेलची गळती बसते. पांढरा-हिरवा खार दिसला तर कापसाच्या बोळ्यावर लिंबाचा रस घेऊन पुसा, मग स्पिरिटनं पुसून पूर्ण कोरडं करा. पॉलिश पेपरनं घासू नका, वरचा मुलामा गेला की गंज लवकर धरतो. रिचार्जेबल सेलचं वरचं बोंड काही वेळा साध्या सेलपेक्षा बुटकं असतं आणि पत्रीपर्यंत नीट पोचत नाही. स्प्रिंग हलकेच ओढून लांब करा. यंत्र चालू असताना आठांच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज आणि एकेका सेलच्या व्होल्टेजची बेरीज यांत ०.२ व्होल्टहून जास्त फरक आला, तर तेवढं पत्र्यांतच अडकतंय.

सेल खोटे असण्याची शक्यताही सोडू नका. पेन्सिल सेलच्या आकारात निकेल मेटल हायड्राइडची खरी क्षमता २७००-२८०० एमएएचच्या पुढं जात नाही. ३५००, ४६०० असे आकडे छापलेले सेल बाजारात खुशाल मिळतात आणि प्रत्यक्षात हजाराच्याही खाली भरतात. सोनाराच्या काट्यावर एक सेल तोलून पाहा. चांगला २००० चा सेल सुमारे २६-२७ ग्रॅम, २५०० च्या वरचा ३० च्या आसपास. पंधरा-अठरा ग्रॅम भरला तर आत माल नाही, चार्जिंगच्या कुठल्याही पद्धतीनं तो सुधारणार नाही.

उन्हाचं थोडं विस्तारानं, कारण आपल्या भागात सेल त्यानंच जास्त मरतात. हे सेल चार्ज करायला १० ते ३० अंश उत्तम, ४५ ही वरची हद्द. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४५ असतं आणि टिनाच्या खोलीत त्याहून जास्त. अशा उष्णतेत दोन गोष्टी बिघडतात. सेल चार्ज कमी घेतो, दिलेल्या विजेतली बरीच नुसती उष्णता होते. आणि भरल्याचा तो तीन-पाच मिलिव्होल्टचा उतार आणखी पुसट होतो, त्यामुळे हुशार चार्जरलाही शेवट दिसत नाही. म्हणजे सेल अर्धवट भरलेला आणि तरीही भाजलेला, असं दुहेरी नुकसान. उन्हाळ्यात पहाटे तीन-चारला लावून सकाळी काढा. जागा मातीच्या भिंतीची, खालची फरशी, वरून पंखा. कूलरच्या थेट झोतात ठेवू नका, त्या ओलीनं पत्र्या गंजतात. चार खणांच्या चार्जरमध्ये उन्हाळ्यात दोनच सेल लावा, मधला खण रिकामा सोडा. सेल मुठीत पाच सेकंद धरवत नसेल तर चार्जिंग थांबवा. वावरातही जास्तीचे सेल खिशात किंवा सावलीत, मोटारसायकलच्या डिक्कीत नकोत. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांबरोबर खिशात टाकू नका, दोन्ही टोकं जोडली गेली की चटका बसेल इतके तापतात. त्यासाठी प्लास्टिकची डबी असते.

काम नसेल तेव्हा, म्हणजे पऱ्हाटी वाढल्यावर वावरात यंत्र फिरवता येत नाही त्या तीन-चार महिन्यांत, सेल यंत्रातून काढून ठेवा. यंत्र बंद असलं तरी काही यंत्रं थोडा करंट खातच राहतात. भरून, कोरड्या आणि गार जागी ठेवा आणि दर तीन महिन्यांनी एकदा भरा. साधी जात रोज थोडी उतरते आणि उन्हाळ्यात जास्त उतरते, म्हणून ती कामाच्या आदल्या रात्री भरणंच बरं. तुमच्यासारखा महिन्यातून चार-पाच दिवस वापर असेल तर आधीच भरून येणारी २००० ची जात २५००-२७०० च्या साध्या जातीपेक्षा सरस ठरते. आकडा लहान असला तरी वेळेवर तीच भरलेली सापडते.

लिथियमबद्दल पुढं विचारणा होईलच, म्हणून थोडक्यात. पेन्सिल सेलच्याच आकाराचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल मिळतात. ते आठ घातले तर २९ व्होल्टच्या वर जातात आणि यंत्र कायमचं जातं. यूएसबीनं थेट भरणारे १.५ व्होल्टचे लिथियम सेल व्होल्टेजला चालतात, पण त्यांच्या आत व्होल्टेज उतरवणारं सर्किट असतं. त्याचा विद्युत गोंगाट डिटेक्टरच्या कॉइलला ऐकू येतो आणि यंत्र काही नसताना टिकटिकतं. यंत्रात कंपनीनंच बसवलेली लिथियम बॅटरी असेल तर तिला कसलंही कंडिशनिंग नको. पूर्ण संपवू नका आणि ठेवताना निम्मी भरून ठेवा. पोहरादेवीच्या यात्रेत वगैरे स्वयंसेवकांच्या हातात असतो त्या झडतीच्या दांड्यासारख्या डिटेक्टरमध्ये ९ व्होल्टचा चौकोनी सेल लागतो. त्याचा रिचार्जेबल घेताना ७.२ व्होल्टचा नको, ८.४ चा घ्या. आत सहाच्या ऐवजी सात लहान सेल असतात. क्षमता दोन-अडीचशे एमएएचच असते, म्हणून दिवसाच्या कामाला दोन जवळ ठेवावेत.

सेल संपूर्ण निकामी झाले की चुलीत किंवा कचऱ्याच्या ढिगात जाळू नका, ते फुटतात. जुन्या निकेल कॅडमियममध्ये तर विषारी धातू असतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणं ते परत गोळा करणं उत्पादकाची जबाबदारी आहे. तालुक्याला ई-कचरा घेणारा असेल तिथं द्या, तोवर टोकांना चिकटपट्टी लावून डब्यात ठेवा.

सेलच्या बाहेरची एक गोष्ट सांगणं भाग आहे, कारण डिटेक्टर घरात आला की 'आमच्या वावरात जुनं धन आहे का पाहून द्या' म्हणणारे येतातच. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणं जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. जुनापाणीची शिळावर्तुळं, मनसर, पवनी अशा पुरातत्त्वाच्या जागी डिटेक्टर घेऊन पाऊलही टाकू नका. तिथल्या मातीतला खिळासुद्धा आपल्या जागी असेपर्यंतच काही सांगतो, उपटला की गेला.

तर आज एवढं करा. चार्जर उलटा करून मागचा आकडा वाचा. सेलवर १ ते ८ घाला. हिरवा दिवा आणि गार सेल दिसला तर काढून पुन्हा लावा, कोमट होईपर्यंत. तासभर निवल्यावर प्रत्येकाचं व्होल्टेज घ्या, १.३५ ते १.४२ च्या दरम्यान यायला हवं. मग डिटेक्टर चालवा, बंद पडताच आठही परत मोजा आणि ते सोळा आकडे, चार्जरवरचा मजकूर व सेलच्या पाकिटावरचं नाव लिहून पाठवा. कोणता सेल बदलायचा, की चार्जरच बदलायचा, ते त्यावरून नेमकं सांगता येईल.